केबिनमधली ऊब

माझा थोरला भाऊ फोनवर कधी थेट मुद्द्याचं बोलत नाही. आधी पाऊसपाणी, मग कुत्र्यांची खुशाली, मग माझ्या लग्नाचं कुठवर आलं, आणि फोन ठेवता ठेवता खरं काम. त्या दिवशीही तसंच. शहरातली पोरगी करू नको, आपल्या अंगाच्या वासानंच पळून जाईल, अशी चेष्टा करून झाली आणि मग म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे गड्या. गाडी वढत न्हाई. जरा चढ आला की मरगळती. अन् बॉनेटखाली फुसफुस करती लय."

"घेऊन ये," मी म्हणालो.

"येतो की. मुक्काम हालला की येतो."

"मुक्काम हालायच्या आधी ये. टर्बोचा जोड सुटला असंल. असाच फिरवलास तर इंजिनाचं वाटोळं हुईल."

"बरं सायेब," म्हणाला आणि हसत फोन ठेवला. मी कुपवाडला आल्यापासून तो मला साहेबच म्हणतो. औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये मी डिझेल गाड्या दुरुस्त करतो. कोपरापर्यंत ऑइलनं माखलेला साहेब मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आम्ही माणचे. मेंढरामागं चालणारी माणसं. मी आयटीआय करून त्यातून सुटलो, दादा राहिला. दिवाळी झाली की माणमधलं गवत संपतं आणि आमचे लोक मेंढरं घेऊन खाली सांगलीकडं उतरतात. ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, आपल्याला धान्य मिळतं. चार दिवस झाले की उठायचं, पुढच्या रानात जायचं. आमच्यात वाडा म्हणजे हाच, मेंढरं, माणसं, कुत्री, कोंबड्या मिळून एका ठिकाणी उतरतात आणि उठतात तो. पहिला पाऊस झाला की परत माणदेश.

हे सगळं चालत. माझ्या वहिनीची दोन्ही बाळं या चालण्यातच गेली. पहिलं आटपाडीच्या माळावर, दुसरं विट्याच्या पुढं. दोन्ही वेळा चांगले दिवस भरत आले होते. दोन्ही वेळा तिनं रस्त्याकडेला बसून पोट धरलं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी वाडा पुढं निघाला, कारण रान ज्याचं त्याला नांगरायचं असतं. आमच्या म्हाताऱ्या बायका मोठ्या तोऱ्यात सांगतात की आम्ही चालता चालता बाळंत झालो, इळ्यानं नाळ कापली आणि मुक्कामाला जाऊन भाकरी थापली. माझी आईही सांगते. तिनं मला तसंच काढलंय म्हणे. ही फुशारकी ऐकली की माझं डोकं सणकतं. ज्या वाटेत मेल्या त्यांची फुशारकी कोण मारणार?

तिसऱ्यांदा वहिनीला दिवस गेले तेव्हा दादानं दोन्ही घोडी विकली, वर चांगली धष्टपुष्ट मेंढरं विकली आणि एक जुनी पिकअप घेतली. अख्खा वाडा त्याला हसला. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर जायचं, नुकती जन्मलेली कोकरंही घोड्याच्या पाठीवर जाळीत घालून न्यायची. आता हे सगळं गाडीत, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बायको. "बायकूला अंबारीत बसवतोय बघा," म्हणायचे. वहिनीला राणीसाहेब म्हणायचे. दादानं कुणाला उत्तर दिलं नाही. मला एवढंच म्हणाला, "ह्या खेपंला मी तिला भुईला पाय लावू देनार न्हाई." आणि खरंच लावू दिला नाही. मेंढरं माळानं चालायची, आई आणि बाकीच्या बायका मेंढरांमागं चालायच्या, आणि दादा गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून त्यांच्या चालीनं रस्त्यानं सरकायचा. मागं रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरांची जाळी, भांडी, पीठ. पुढं वहिनी आणि तिच्या पायाशी कोकरं.

निघताना म्हसवडला नाथाच्या देवळात पाया पडून, बॉनेटवर भंडारा उधळून ते निघाले होते. मी फोटो पाहिला होता. वहिनी खिडकीतून हसत होती, मांडीवर एक कोकरू होतं. इतकी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती.

तर तो आला. वाडा तेव्हा मिरजेच्या पूर्वेला उतरला होता. सकाळी मी शेडचं शटर वर करत होतो आणि कोपऱ्यावरूनच मला आवाज आला. या धंद्यात गाडी दिसायच्या आधी तिचं दुखणं ऐकू येतं. इंजिनातून निघालेला जळका धूर मॅनिफोल्डच्या नळीतून जोरात येऊन टर्बोचं चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनाला वाढीव हवा पुरवतं, म्हणून गाडीला ताकद येते. त्या दोघांच्या जोडात फट पडली की धूर टर्बोकडं जायच्या ऐवजी फटीतूनच पळतो. गाडीचा दम जातो आणि तो सगळा गरम काळा धूर बॉनेटखाली साठतो. एवढंच त्यातलं शास्त्र आहे.

दादा उतरला. डोळे तांबारलेले, चेहरा ओढलेला. मी चहा मागवला.

"झोप न्हाई का?"

"डोकं दुखतंय रोज. थंडी लय हाय." चहाचा कप त्यानं दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "कोकरं मरत्यात रं."

"कशानं?"

"डागदरला बी कळंना. सुई मारली त्यानं. सकाळी चांगली दूध पित्यात, उड्या मारत्यात, अन् मुक्कामाला पोचूस्तवर मान टाकत्यात. आईचं म्हननं, निघताना नाथाला नारळ फोडायचा ऱ्हायला. त्याची खप्पामर्जी झालीया."

"नाथाला दुसरं काम न्हाई व्हय? कोकरं मारत बसलाय."

"असं बोलू नगं," दादा म्हणाला. मी बॉनेट उघडलं.

जोड बघितला आणि मला शिवीच आली. टर्बो ज्या बोल्टांवर बसतो, त्यांना आम्ही स्टड म्हणतो, त्यातला एक तुटून आतच राहिला होता. दुसऱ्याचा नट गायब. बाकीचे दोन ढिले. मधलं पॅकिंग जळून त्याचा कागद झाला होता. कुणातरी रस्त्यावरच्या मेस्त्रीनं वरून लाल सिलिकॉन फासलं होतं, जसं काही ते नळाचं गळकं तोंड आहे. असल्या तापाला ते तासभरसुद्धा टिकत नाही, त्याचे पापुद्रे सुटले होते. या लोकांना उलटं टांगलं पाहिजे. पण माझी नजर तिथं ठरली नाही. इंजिनाच्या मागचा पत्रा, ज्याच्या पलीकडं केबिन असतं, तो सबंध काळा झाला होता. धुराचा मारा थेट तिथं बसत होता.

गिअरच्या दांडीखालचं रबर बघावं म्हणून मी केबिनचं दार ओढलं. दार घट्ट बसलं होतं. जोर लावून उघडलं तेव्हा कळलं, दाराच्या कडेला लोकर कोंबली होती. काळी-पांढरी, आपल्याच मेंढरांची, पिळून दाबून बसवलेली. काचेच्या फटीत लोकर. तारा जातात त्या भोकांत, जी त्याला सापडली त्या सगळ्या भोकांत, लोकर. वहिनीच्या बाजूच्या काचेवर आतून घोंगडं टांगलं होतं, खाली पायाशी दुसरं दुपदरी अंथरलं होतं. आत सकाळच्या गारठ्यातही ऊब होती. आमची माणसं झोपडीला वारं येऊ नये म्हणून जे करतात, ते सगळं त्यानं गाडीला केलं होतं.

एक भोक मात्र राहिलं होतं, कारण ते घोंगड्याखाली होतं. गिअरच्या दांडीचं रबर फाटून त्याला मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं. मी घोंगडं उचललं. खालची बाजू काजळीनं काळी झाली होती. बोट फिरवलं, बोट काळं.

"दादा, हिकडं ये. हे काय केलंस?"

"थंडी लागती की. तिला अन् कोकरांस्नी. म्हनून बंद केलं सगळं."

"तुझ्या बाजूची काच?"

"ती उघडी असती. मेंढरास्नी हाळी घालावी लागती. सारखं उतरावं लागतं."

"कोकरं कुठं बसत्यात?"

त्यानं घोंगड्याकडं बोट केलं.

"मेली ती कुठली?"

तो बोलायला लागला आणि मधेच थांबला. मेली ती गाडीतलीच होती. आईनं पदरात घालून चालत आणलेली सगळी जगली होती. म्हातारीला गाडीचा भरवसा नव्हता, म्हणून दोन-तीन कोकरं ती रोज स्वतःच घेऊन चालायची, आणि दादा तिच्यावर चिडायचा. हे त्यानं मला एकेक शब्द तोडत सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला.

"धूर आत येतोय," मी म्हणालो. "वास न्हाई आला?"

"गाडी म्हनल्यावर वास येनारच की रं."

मग मी ओरडलो. इतका की शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग थांबलं. चालत्या मेंढरांच्या गतीनं गाडी चालवतोस, धूर मागं उडून जायला वारं नाही, दिवसभर तो आत भरतोय आणि तू फटी बुजवत बसलास, अक्कल गहाण टाकली होतीस का, असं बरंच काही. धुरानं कोकरं मारलीत, नाथानं नाही, असंही म्हणालो. ओरडलो ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. एवढ्या मायेनं केलेला एवढा मोठा गाढवपणा डोळ्यांसमोर असताना माणूस ओरडणारच.

दादा जुन्या टायरवर बसला. "म्हंजे हिला बी?" एवढंच म्हणाला.

गाडी तशीच उघडी टाकली. त्याला मोटरसायकलवर मागं घेतलं आणि थेट वाड्यावर गेलो. वाटेत माझ्या खांद्यावरचा त्याचा हात फार घट्ट होता.

वहिनी तीन दगडांच्या चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. मला बघून हसली. "भावजी, आज दुकान बंद करून आलासा व्हय? बसा, गरम हाय." चेहरा पांढराफटक दिसत होता. दिरानं भावजयीला पोटातल्या बाळाचं विचारायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी आईला बाजूला घेतलं. आई म्हणाली, "गाडीत बसलं की मळमळतंय, डोकं धरतंय म्हनती. ते असतंयच ह्या दिसांत. आमाला काय हुत न्हवतं व्हय?"

"अन् पोर? हालतंय का?"

"पोर वाढलं की त्याला जागा पुरत न्हाई. गप ऱ्हातंय."

वहिनीनं ऐकलं असावं. ती भाकरी तव्यावर टाकत तिकडूनच म्हणाली, "परवापासनं गपच हाय." ती हे अगदी साधं म्हणाली, आज पीठ संपलं म्हणावं तसं.

ज्याच्या रानात वाडा बसला होता तो जैन शेतकरी बांधावर उभा होता. त्यानं आमचे चेहरे बघितले, घराकडं गेला आणि आपली गाडी घेऊन आला. मेंढरं बाकीच्यांवर सोडून आम्ही चौघं मिरजेला गेलो. वहिनीनं वाटेत एकदा विचारलं, "काय झालंय? कुनी सांगल का मला?" दादा म्हणाला, "काय न्हाई. तपासून घेऊ." आई माळ ओढल्यासारखी नाथाचं नाव घेत होती, आणि या वेळी मी तिला काही बोललो नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. वहिनीच्या पोटावर त्यांनी यंत्र फिरवलं, परत फिरवलं, आणि मशीनचा पडदा हळूच आपल्याकडं वळवून घेतला. मी दारात उभा होतो. पडदा वळला तेव्हाच मला समजलं.

ठोके नव्हते.

बाहेर आल्यावर मी त्यांना धुराचं सगळं सांगितलं. दादा आत होता. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे त्यांचं चांगलं. म्हणाल्या, "तसं होऊ शकतं. धुरातला वायू आईच्या रक्तात जातो, बाळाला प्राणवायू कमी पडतो. पण याच्याचमुळे झालं का, हे आता मी ठाम सांगू शकत नाही. दुसरीही कारणं असतात." मला ठाम ऐकायचं होतं. एकतर हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. त्यांनी दोन्हीतलं काहीच म्हटलं नाही.

बाळाला बाहेर काढायचं म्हणजे कळा आणायच्या होत्या. वहिनीला ते सांगितल्यावर तिनं विचारलं, "गेलंय तर कळा कशाला द्यायच्या?" नर्सनं तिचा हात धरला. सलाइन लावली, औषध दिलं, आणि वाट बघायला सुरुवात झाली.

दादा माझ्याकडं आला. तोंडावरून हात फिरवला. "गाडी तयार कर," म्हणाला.

"आत्ता? गाडीचं काय घेऊन बसलाईस?"

"लेकराला गावाकडं न्यायाचंय."

"इथं जागा मिळंल. तो शेतकरी भला मानूस हाय, बांधाकडंला देईल."

"मिळंल. पन वाडा उठंल दोन दिसांत. मग त्याच्यापाशी कोन? आधीची दोनी तशीच रस्त्याला ठेवून आलो. ह्याला न्हाई ठेवायचा." मग म्हणाला, "दुसऱ्याच्या गाडीत मेल्यालं लेकरू कशाला घालायचं? आपलीच कर."

म्हणून मी कुपवाडला परत आलो आणि त्या गाडीला हात घातला. जन्मात कधी एखाद्या यंत्राचा एवढा राग आला नव्हता. तरी काम करताना राग चालत नाही. ढिले नट आधी तेल सोडून भिजवले. पाना लावला आणि जीव मुठीत धरून फिरवला, कारण तापून तापून लोखंड ठिसूळ झालेलं असतं, घाई केली की धड स्टडही तुटतो. टर्बो उतरवून खाली ठेवला. आत तुटलेल्या स्टडच्या टोकावर एक नट ठेवून वेल्ड मारला. लाल झालेलं लोखंड थंड होऊ दिलं. मग त्या नटाला पाना लावून थोडं पुढं, थोडं मागं, परत थोडं पुढं. एकदा तो कुरकुरला आणि निघून आला. एरवी असा स्टड निघाला की मी शेजारच्यांना बोलावून दाखवतो. त्या दिवशी डब्यात टाकून दिला.

मॅनिफोल्डचं तोंड पट्टी लावून बघितलं तर ते तापानं वाकलं होतं. नुसतं नवं पॅकिंग टाकून भागलं नसतं, महिनाभरात परत फट पडली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडं नेलं. त्याचा नंबर लावून लोक बसले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि माझं काम आधी घेतलं. तोंड सपाट करून दिलं. मग नवे स्टड, पत्र्याचं नवं पॅकिंग, नवे नट. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत आणले, म्हणजे जोड एकसारखा बसतो. गिअरच्या दांडीला नवं रबर घातलं, वरून पत्र्याची पट्टी मारली. केबिनमधली सगळी लोकर ओढून काढली. ती निघता निघेना, एवढी दाबून भरली होती. घोंगडी धुवायला काढली. मॅट घासला, पाणी काळं जायचं थांबेपर्यंत घासला.

इंजिन चालू केलं. शेडमध्ये देवापुढं असते त्यातली उदबत्ती पेटवून जोडाच्या कडेनं फिरवली. फट असेल तर उदबत्तीचा धूर तिथं फिसकटतो. तो सरळ वर गेला. गाडी तापवून परत फिरवली, तरी सरळ. मग केबिनमध्ये सगळ्या काचा लावून मी स्वतः बसलो, इंजिन चालू ठेवून, वहिनी बसायची त्या जागेवर. बराच वेळ बसलो. कसलाही वास आला नाही. इतकं चोख काम माझ्या हातून कधी झालं नसेल. आणि ते कशासाठी केलं, तर मेलेल्या लेकराला नीट पोचवता यावं म्हणून.

दुपारी मी दवाखान्यात पोचलो तोवर झालं होतं. मुलगी होती. पूर्ण वाढलेली, डोक्याला दाट जावळ. नर्सनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दादाच्या हातात दिली. दादानं फडकं थोडं बाजूला करून बघितलं आणि परत झाकलं. तो रडला नाही. आई जमिनीवर बसून रडत होती, आणि मला पहिल्यांदा त्या म्हातारीची कीव आली, कारण तिनं तिची कोकरं वाचवली होती आणि नात नाही, हे तिला अजून समजायचं होतं.

वहिनी एक-दोन दिवस तिथंच राहणार होती, आई तिच्यापाशी. दादा आणि मी गावाकडं निघणार होतो. निघायच्या आधी वहिनीनं मला आत बोलावलं. आईला पाणी आणायला पाठवलं.

"भावजी, खरं सांगा," ती म्हणाली. "मी चालत आले असते तर जगली असती?"

मी एरवी तोंडफाटका माणूस आहे. कुणाला काही सांगायचं तर सांगून टाकतो. पण ती उशीवर डोकं टेकून माझ्याकडं बघत होती, आणि माझ्या तोंडून आलं, "न्हाई वहिनी. नाळंला गाठ पडली हुती. डॉक्टरीणबाई म्हनल्या. कुठं बी असतीस तरी हेच झालं असतं."

तिनं अंगावरची चादर नीट केली. "डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्यात सकाळी. नाळंचं काय बोलल्या न्हाईत. धुराचंच इचारत हुत्या."

मी खाली बघितलं.

"पन नाळंचं बरं हाय," ती म्हणाली. "त्यास्नी हेच सांगा. गाडी माझ्यापायी घेतल्याली हाय. घोडी इकली, मेंढरं इकली, समदी हसली तरी ऐकलं न्हाई. गाडीनंच झालं हे त्यास्नी कळलं तर जगायचं न्हाईत ते."

तिला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी मी कुपवाडच्या शेडमध्ये त्याला काय काय ओरडून सांगितलं होतं, हे तिला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "सांगतो."

गाडी मी चालवली. दादा शेजारी बसला, पोर मांडीवर घेऊन. तासगाव गेलं, विटा गेलं. दोन्ही काचा खाली होत्या, वर करू का असं मी विचारलं नाही. गार वारं आत येत होतं, आणि तो त्या फडक्यावर हाताचा तळवा आडवा धरून बसला होता, तिच्या तोंडावर वारं येऊ नये म्हणून. मला ते बघवेना. मी रस्त्याकडं बघत राहिलो.

मायणीच्या अलीकडं माळ सुरू झाला. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "दादा, काल मी बोललो ते डोक्यातनं काढून टाक. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. नाळंला गाठ पडली हुती. धुराचा त्यात काय संबंध न्हाई. कोकराचं येगळं, मानसाचं येगळं."

दादा माळाकडं बघत होता. कुणाचीतरी मेंढरं लांबवर चरत होती. आता तो मला खोटारडा म्हणेल, अशी मी वाट बघितली. त्यानं माझ्याकडं मान वळवली नाही.

"मग हे तिला बी सांग की," तो म्हणाला. "नाळंचं. नीट समजावून सांग, तुझं ऐकती ती. न्हाईतर उगं मनाला लावून घेईल. तेवढंच बरं वाटंल तिला."

"सांगितलंय," मी म्हणालो.